साउंड कार्ड सापडलं नाही

ताईचं स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा धाकटोबाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता घरात जरा शांतता होईल. त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की दवाखान्याचा जिना उतरताना त्याने स्वतःच्या मांडीला करकचून चिमटा काढला. पण विचार आला तो आलाच. भला माणूस म्हणून चिमटा तरी काढला, एवढंच.

धाकटोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. थोरली बहीण लहानपणी लाडाने म्हणायची, पुढे रागाने म्हणायला लागली, आणि डोकं पांढरं होऊन माणूस निवृत्त झाला तरी त्या नावातून त्याला बढती काही मिळाली नाही. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. ताईला कुणी पसंत पडलं नाही आणि धाकटोबाला ताईने कुणी पसंत करू दिलं नाही, असं शेजारी म्हणत. खरंखोटं त्या दोघांनाच ठाऊक. घराच्या दोन टोकांना दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताईचा आवाज.

आणि काय आवाज होता हो! ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शेजारच्या सीटवर बसून ती एकदा "क्लच!" म्हणाली की शिकणाऱ्याचा पाय तर दाबला जायचाच, पण बाजूने जाणारा सायकलवालासुद्धा दचकून पाय टेकायचा. "आरसा काय भांग पाडायला लावलाय?" "डावीकडे म्हटलं मी! जेवतोस कुठल्या हाताने?" मोठमोठे साहेब तिच्या शेजारी बसून घामाघूम व्हायचे, गाडीतून उतरून रडायचे आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर व्हायचे. कारण ताईच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे कुठे गाडी ठोकत नाही, अशी ख्याती होती. एक अपवाद धाकटोबा. त्याला तिने एकदाच शिकवायला घेतला होता. त्याने अतिशय सावकाश आणि सभ्यपणे गाडी नेऊन एका कुंपणात घातली. ताई म्हणाली, "तू आपला बसनेच जा."

तो गेलाही बसनेच, आणि गेला तोही बसस्थानकावरच. उभी नोकरी त्याने तिथल्या घोषणा-कक्षात काढली. लाउडस्पीकरवर बोलायची एक बाई. धाकटोबा तिच्यासाठी वाक्यं लिहायचा, तिच्या आवाजात भरून घ्यायचा, तुकडे जोडायचा आणि ती सगळी यंत्रणा ज्या कॉम्प्युटरवर चालायची त्याची देखभाल करायचा. त्यावर नेहमीचं विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुरुस्तीला माणूस यायचा नाही, म्हणून आपोआप आलं.

म्हणूनच ऑपरेशनच्या आधी त्याने ठरवलं, की आवाज जाणार तर जाऊ दे, आपण तो आधी भरून ठेवू. एक छोटी पेटी करायची, तिच्यावर मोठी मोठी बटणं. ताई गाडीत शेजारी बसणार, रस्त्यावरची नजर न हलवता बटण दाबणार आणि तिच्याच आवाजात वाक्य उमटणार. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने विचारलं, "अहो, फोनवर वाजवा की!" पण फोनकडे बघावं लागतं, आणि जी बाई शिकणाऱ्यांच्या हातातले फोन हिसकावून मागच्या सीटवर भिरकावायची तिने स्वतः गाडीत फोनकडे बघायचं? छे! मालक बरा माणूस होता. म्हणाला, "नवी तुकडी सुरू होईपर्यंत तुमची सीट तुमचीच. त्यानंतर मात्र पुतण्याला बसवावं लागेल. आवाजाशिवाय शिकवणार कसं, ताई?"

तर धाकटोबाने खोलीत सगळ्या रजया टांगल्या, मध्ये ताईला बसवलं आणि समोर माइक ठेवला. वाक्यं त्याने स्वतः लिहिली होती, अगदी रीतसर, नोकरीत लिहायचा तशी. ताईचा घसा दुखत होता, आणि ती घाबरलेली होती. तिने कधी नव्हे ते एका शब्दानेही हुज्जत घातली नाही. पुढ्यात ठेवलं ते मुकाट्याने वाचलं. धाकटोबाला ते मोठं सहकार्य वाटलं.

ऑपरेशन झालं. ताईचा जीव वाचला. गळ्याशी एक भोक राहिलं, त्यावर ती रुमाल बांधायची, आणि घरात खरोखरच शांतता झाली. पहिले काही दिवस धाकटोबाने ती चक्क उपभोगली. पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेला, ओला टॉवेल खुर्चीवर टाकला, दाराशी चपला वेड्यावाकड्या सोडल्या. कुणी काही बोललं नाही. मग हळूहळू त्याला ते सोसवेना. ताई पाटी घेऊन बसायची, पण पाटीवर रागावता येत नाही. खडूने लिहून होईपर्यंत राग निवून जातो. तिने लिहिणंच कमी केलं. कुणी भेटायला आलं की ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. एकदा त्याने पाहिलं, तर ती पलंगाच्या कडेला बसली होती, आणि तिचा उजवा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत होता. त्याला गलबलून आलं.

मग मात्र त्याने पेटीचं काम जोरात हाती घेतलं.

पेटीच्या पोटात बसवायला त्याने एक बोर्ड आणला होता. बोर्ड म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच, पण तळहातावर मावणारा. आत फोनमध्ये असतो तसला एआरएम जातीचा प्रोसेसर. विकणाऱ्याने वर छापलं होतं, ‘लिनक्स चालते’. आता या दोन शब्दांवर विश्वास ठेवणं म्हणजे ‘नळाला पाणी आहे’ असं सांगणाऱ्या घरमालकावर विश्वास ठेवणं. पाणी असतं, कधी आणि किती, ते विचारायचं नसतं. बनवणाऱ्या कंपनीने आपल्या हाताने एक जुनंपानं लिनक्स बसवून दिलं होतं. त्यात आवाज येत होता, पण बटणं ओळखली जात नव्हती. धाकटोबाने नवं लिनक्स घातलं. त्यात बटणं झकास चालली आणि आवाज गेला. त्याने आज्ञा दिली, की बाबा, तुझ्याकडे आवाजाची जी काही सोय असेल ती दाखव. उत्तर आलं, साउंड कार्ड सापडलं नाही.

सापडलं नाही म्हणजे? समोर तर दिसतंय! काळी चौकोनी चिप, भिंगाखाली नंबरसकट. धाकटोबाने बोर्ड उचलून स्क्रीनसमोर धरला, जसं काही स्क्रीनला दिसणार होतं.

ताई टेबलाशी येऊन बसायला लागली होती. तिने पाटीवर लिहिलं, "झालं?" धाकटोबा म्हणाला, "नाही." तिने ते पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच पाटी पुन्हा वर धरली. तिसऱ्या दिवशीही. खडूची बचत.

शेवटी तो इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या जागी गेला, जिथे असले बोर्ड घेऊन पस्तावलेली माणसं एकमेकांना धीर देतात. तिथे धाकटोबाने आपली अडचण मांडली. आधी सर्व सदस्यांना सविनय नमस्कार, मग तसदीबद्दल दिलगिरी, मग आगाऊ आभार, आणि या सगळ्याच्या मधोमध कुठेतरी साउंड कार्ड. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग कासव नावाने लिहिणाऱ्या एकाचं उत्तर आलं: "नमस्कार पोचला. आता बूट लॉग पाठवा."

बूट लॉग म्हणजे मशीन जागं होताना स्वतःशी जे पुटपुटतं ते सगळं. धाकटोबाने पाठवलं. कासवाने ते वाचलं आणि खुलासा केला. घरातला मोठा कॉम्प्युटर सुरू होताना आपल्या एकेका भागाला विचारतो, तू कोण, तू कोण, आणि भाग सांगतात. या छोट्या बोर्डांवरचे बरेचसे भाग मुके असतात. कोण कुठे बसलाय याचा एक नकाशा कुणीतरी आधी लिहून द्यावा लागतो. नकाशात नसेल तो नाहीच. धाकटोबाने तो नकाशा उघडला. साउंड चिपचं नाव होतं, पण तिच्यापुढे ‘बंद’ असं लिहिलेलं होतं. कुणी लिहिलं, का लिहिलं, देव जाणे. त्याने ‘चालू’ केलं, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि साउंड कार्ड सापडलं!

धाकटोबाने ताईला हाक मारली. ती धावत आली. त्याने बटण दाबलं. स्क्रीनवर रेघ सरकायला लागली, सेकंद पुढे जायला लागले, वाक्य संपलं असंही मशीनने सांगितलं. स्पीकरमधून मात्र हूं की चूं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मशीनची पक्की खात्री होती की आपण बोलतोय.

ताईने स्पीकरला कान लावला, मग हळूच बाजूला झाली. गळ्याचा रुमाल नीट केला आणि खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज तेवढा आला.

धाकटोबाने ते सगळं मनाला फार लावून घेतलं. आवाजाची पातळी वाढवून पाहिली, स्पीकर बदलून पाहिला, वायरी बदलल्या, लिनक्सच्या आणखी दोन-तीन आवृत्त्या घालून पाहिल्या. नव्या तुकडीचा फलक तिकडे ड्रायव्हिंग स्कूलच्या दाराला लागलासुद्धा. कासवाला त्याने लिहिलं. या खेपेला नमस्कार-बिमस्कार राहूनच गेला. म्हणून असेल, पण उत्तर लगेच आलं: "बोर्डाच्या कडेला बारीक अक्षरात काय छापलंय?"

भिंग घेऊन पाहिलं. आवृत्ती दुसरी.

मग उलगडा झाला. या बोर्डावर आवाज मोठा करणारी एक वेगळी चिप असते. तिला जागं करायला एक खास वायर असते. दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने ती वायर उचलून दुसऱ्या पिनेवर नेली होती, आणि कुणाला सांगायची तसदी घेतली नव्हती. नकाशा अजून पहिल्याच आवृत्तीचा. म्हणजे गाणारा तन्मयतेने गातोय आणि लाउडस्पीकरवाला झोपलाय, अशातला प्रकार. मशीन रोज नेमाने चुकीच्या दारावर टकटक करत होतं. धाकटोबाने नकाशातला तो पिनेचा एक आकडा बदलला. एक आकडा! त्या आकड्यापायी त्याच्या नाकीनऊ आले होते.

मशीन सुरू होताना स्पीकरमधून बारीकसा ‘धप्’ झाला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच त्यातलं सुख कळेल. धाकटोबाने बटण दाबलं नाही. ते ताईनेच दाबायचं, एवढं कळत होतं त्याला. त्याने पेटी बंद केली, नीट पुसली आणि ड्रायव्हिंग स्कूलला फोन लावला, की येतोय आम्ही, गाडी तयार ठेवा.

प्रात्यक्षिक बघायचंय, असं मालकाचं म्हणणं पडलं, आणि ते रास्तच होतं. पण मुक्या बाईशेजारी बसायला शिकाऊ कुणी तयार होईना. शेवटी स्टिअरिंगवर धाकटोबाच बसला. ताई शेजारच्या सीटवर, मांडीवर पेटी, पायाशी तिचा जादा ब्रेक. मालक मागे. ताईने आज गळ्याला नवा रुमाल बांधला होता, आणि कितीतरी दिवसांनी तिची पाठ ताठ होती.

गाडी सुरू झाली. ताईने पहिलं बटण दाबलं, आणि गाडीत तिचा आवाज घुमला. तिचाच! तोच जडपणा, तीच खरखर.

"कृपया लक्ष द्यावे. क्लच हळूहळू सोडण्यात यावा."

मागे मालकाने डोळे टिपले. धाकटोबाच्या तर पुढचा रस्ताच धूसर झाला. त्यामुळे ताईच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते दोघांनाही दिसलं नाही. गाडी गल्लीतून निघाली. गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडीवाला आपला रमतगमत आडवा आला. ताईने ब्रेकचं बटण दाबलं.

"कृपया लक्ष द्यावे," ताईचा आवाज शांतपणे म्हणाला. "समोर अडथळा असण्याची शक्यता आहे. वाहनचालकांना विनंती करण्यात येते की..."

विनंती काय आहे ते कळायच्या आत ताईने पाय दाणकन आपल्या ब्रेकवर मारला. गाडी हातगाडीच्या पुढ्यात जागच्या जागी थांबली. मालकाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. संतापाने लालबुंद झालेली ताई धाकटोबाकडे वळली, तोंड उघडलं, मिटलं, आणि तिने मिळेल ते बटण दाबलं.

"आपण दिलेल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

मालक कपाळ चोळत म्हणाला, "ताई, आवाज तुमचाच आहे हो. पण ही बाई कोण?"

परत येताना दोघंही बसमध्ये खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर ताईने पाटी घेतली. "ही मी नाही."

"मी ‘कृपया’ कापून टाकतो ना," धाकटोबा घाईघाईने म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे." त्याने खरंच कापलं. मागे ‘सोडण्यात यावा’ उरलं. तेही कापलं. मग नुसतं ‘क्लच’ उरलं, मऊ, आजारी, रजयांमध्ये बसून घाबरत घाबरत वाचलेलं. ते वाजलं, आणि धाकटोबाच्या एकदम लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. ताईकडे मोजका आवाज शिल्लक होता. तो संपायच्या आधी तिच्या तोंडून काय काय भरून घेता आलं असतं! आणि त्याने तो सगळा बसस्थानकाच्या घोषणांवर उधळला होता. आता पुन्हा भरून घेऊ म्हटलं तर भरायचं कशातून?

"ताई, मी वाया घालवला गं तुझा आवाज," तो म्हणाला, आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.

ताईने थोडा वेळ त्याला रडू दिलं. मग माइक ओढून त्याच्या तोंडासमोर ठेवला आणि पाटी वर धरली. "तू बोल."

"मी? मी काय बोलू?"

"मी बोलते ते."

"मला नाही गं जमत ओरडायला. उभ्या जन्मात कधी ओरडलोय मी?"

ताईने लिहिलं, "सगळं पाठ आहे तुला."

त्याने नाक पुसलं आणि माइकमध्ये म्हटलं, "क्लच दाब." ताईने अंगठा खाली केला. "क्लच दाब ना." अंगठा खालीच. त्याने आवाज जरा चढवला. ताईने टेबलावर अशी थाप मारली की पेटी उडाली, आणि डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं. ते डोळे धाकटोबाच्या ओळखीचे होते. कुंपणात गाडी घातली तेव्हाचे, शाई सांडली तेव्हाचे, परीक्षेत नापास झाला तेव्हाचे. आणि तो एकदम ओरडला, "क्लच! अरे क्लच, क्लच! पाय आहेत का पाटाचे खूर? नुसता ठेवू नकोस, दाब!"

दोघंही चपापले. आवाज पुरुषाचा होता, चिरका होता, पण कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर आदळायचं, श्वास कुठे घ्यायचा, ते सगळं ताईचं होतं. ताईचा अंगठा वर गेला.

मग धाकटोबाला थांबवणं कठीण झालं. "समोर बघ, माझ्या तोंडाकडे काय बघतोस?" "ब्रेक! झोपलास का?" "हॉर्न वाजवलास म्हणजे रस्ता तुझ्या नावावर झाला नाही!" एकामागून एक निघत राहिलं, न आठवता, न अडखळता. बटणं संपली तरी वाक्यं संपेनात. गाडीतली संपली आणि घरातली सुरू झाली. "पंखा कुणासाठी फिरतोय? टॉवेल खुर्चीवर? चपला सरळ ठेवायला काय कष्ट पडतात तुला? आणि जेवून घे आधी, तोंड बघ कसं सुकलंय." इथे मात्र त्याचा आवाज फाटला. ताई हसत होती. तिच्या हसण्याला आता आवाज नव्हता. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने रेकॉर्डिंग बंद केलं नाही.

नवी तुकडी सुरू झाली त्या दिवशी ताई पेटी घेऊन एकटीच गेली. पहिल्याच शिकाऊने, एका लठ्ठ दंतवैद्याने, गाडीतून उतरल्यावर मालकाला विचारलं म्हणे, की हे ओरडणारे गृहस्थ गाडीत नेमके बसतात कुठे? पण दुसऱ्या दिवशी तो वेळेवर हजर होता. पुतण्याला मालकाने ऑफिसात बसवलं.

धाकटोबा मात्र घरीच होता, गरम पाण्याच्या गुळण्या करत. संध्याकाळी तो कचरा टाकायला खाली उतरला, तर शेजारच्या घरातल्या काकूंनी त्याला जिन्यातच गाठलं. ताई खोलीचं दार लावून घ्यायला लागल्यापासून काकूंनी येणं बंद केलं होतं. त्यांना वाईट वाटायचं.

"अहो, परवा दुपारी ऐकलं हो मी भिंतीतून," त्या म्हणाल्या. "चपला, टॉवेल, पंखा... तश्शाच ओरडत होत्या तुमच्यावर! ताईंचा आवाज परत आला ना?"

सांगायला धाकटोबाने तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. त्याने मान हलवून ‘हो’ म्हटलं आणि कचऱ्याचा डबा घेऊन खाली गेला.